ताईंच्या पायाखालचा ठोकळा

मित्रांनो, दार लागायच्या आत जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो. सध्या माझ्या अंगावर एक जड दार रेललेलं आहे. ते उघडं राहावं म्हणून मला इथे खुपसून ठेवलं आहे. आज अधिवेशन संपतं, म्हणजे संध्याकाळी दार लावतील, मला उचलून कोठीत टाकतील, आणि कोठीतलं मोडकं लाकूड पुढे कुठे जातं ते तुम्हाला सांगायला नको.

तर मी ठोकळा. लाकडी, जुना, लांबीला दोन वीत आणि उंचीला जेमतेम एक. माझ्या डोक्यावर गालिच्याचा तुकडा चिकटवलेला आहे. सभागृहाच्या जमिनीवर जो गालिचा अंथरलेला आहे त्यातलाच तो तुकडा, म्हणजे मला खाली ठेवलं की मी दिसेनासा होतो. दिसू नये हाच माझ्या जन्माचा हेतू. देशाचं कामकाज जिथे चालतं त्या सभागृहात, सरकारी बाकापुढे, सभागृहनेत्याच्या पायाखाली माझी जागा. बुटक्या नेत्याला उंच करायचं आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

मला घडवलं ते इमारतीच्या सुताराने. प्रेक्षकांच्या सज्जाचा कठडा बदलला तेव्हा उरलेल्या लाकडातून. त्या वेळचे नेते इतके ठेंगणे होते की ते उभे राहून बोलत असतानाच अध्यक्ष म्हणाले होते, "नेत्यांनी कृपया उभं राहून बोलावं." सगळं सभागृह खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी सुताराला गुपचूप बोलावणं गेलं.

सुताराने माझ्या चार कोपऱ्यांना रबराच्या चार टाचा लावल्या. त्यातली एक लगेच निघाली. तेव्हापासून माझ्यावर कोणी चढलं की मी किंचित कलतो आणि आवाज येतो. टक्. रबर पुन्हा लावायचं असं सगळ्यांचं ठरलं, लावलं कोणीच नाही. पण त्या आवाजाचा उपयोग झाला. माझ्यासमोरच्या मेजाशी लघुलेखक बसतात, बोललेला शब्द न् शब्द उतरवून घेणारे. त्यांच्या माना सतत खाली. टक् झालं की त्यांना वर न बघता कळायचं, नेते उभे राहिले. पेनं चालू.

आता इथली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. नेता उभा राहून जे बोलतो तो सरकारचा शब्द. तो लिहिला जातो आणि पाळावा लागतो. पाळायचा नसेल तर भर सभागृहात येऊन माघार घ्यावी लागते आणि त्यावर मतं घ्यावी लागतात. आणि बसून बोललेलं? ते काहीच नाही. त्या नुसत्या गप्पा. एकदा एका नेत्याने घाईघाईत उभं राहून म्हटलं होतं, बाहेरच्या दालनातलं बंद घड्याळ दुरुस्त करून घेऊ. त्यासाठी नेमलेली समिती अजून भेटते, चहा पिते, घड्याळाकडे बघते आणि उठते.

वजन गेलं.

ठेंगणे नेते गेले, त्यांच्या जागी ताडमाड उंच नेते आले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ठोकर मारून बाकाखाली सारलं. मित्रांनो, पायाखाली असणं ही हलकी गोष्ट वाटते ना तुम्हाला? पायाखालून काढून टाकल्यावर कळतं. बाकाखाली अंधार होता, धूळ होती, पडलेली पेनांची टोपणं होती. झाडणाऱ्या मावशी मात्र मला ओढून बाहेर काढायच्या, माझ्यावर बसून डबा खायच्या आणि सुनेच्या कागाळ्या सांगायच्या. कोणाला ते मला कळलं नाही, मलाच असावं. ते दिवस बरे होते म्हणायचे.

वजन आलं.

ताई आल्या. त्यांना या सभागृहात सगळेच ताई म्हणायचे, विरोधकसुद्धा. राजकारणात येण्याआधी त्या वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर होत्या. कोणी कितीही आरडाओरडा करत आलं तरी ताईंशी बोलून शांत होऊन परत जायचं. वीज येवो न येवो. त्यांना सभागृहनेता केलं ते याच गुणासाठी. उंची मात्र खिडकीमागे खपून गेली होती, इथे खपेना.

दारावरच्या काकांनी मला बाकाखालून काढलं, फडक्याने पुसलं आणि ताईंपुढे ठेवलं.

"याच्यावर उभ्या राहा बाई. कोणाला दिसत नाही."

"आणि पडले तर?"

"पडलात तर दिसेल."

ताई हसल्या आणि चढल्या. टक्. इतकं हलकं वजन माझ्यावर कधी आलं नव्हतं. चपला साध्या, डाव्या पायाचा अंगठा थोडा वाकडा. मला माणसाचं तोंड दिसत नाही, पण पायांना लपवाछपवी जमत नाही. पाय बघून मला सगळं कळतं.

दर आठवड्याच्या शेवटच्या बैठकीत एक मोकळा तास असतो. कोणीही सदस्य उठतो आणि आपल्या भागातलं कसलंही गाऱ्हाणं मांडतो. त्याला उत्तर द्यायचं ते सभागृहनेत्याने, जागच्या जागी. गंमत अशी की नेत्याच्या हातात यातलं काहीच नसतं. बस त्याची नाही, शाळा त्याची नाही, पाण्याचा नळ त्याचा नाही. पण उत्तर त्याचं. एक बाई होत्या, त्यांच्या गावाची बस बंद पडली होती. त्या दर वेळी बसचंच विचारायच्या, म्हणून त्यांचं नावच पडलं बसवाल्या बाई. एक गृहस्थ मोकाट कुत्र्यांवर बोलायचे. एकांच्या गावच्या बँडपथकाचा सोहळा यायचा होता आणि सरकारने त्यांचं अभिनंदन करावं अशी त्यांची इच्छा होती. कोणाच्या पोस्टाची वेळ बदललेली, कोणाच्या शाळेचं छप्पर गळणारं, कोणाच्या घराखालून जड गाड्या जाऊन भिंतींना तडे गेलेले.

ताई उठायच्या. टक्. बसायच्या. उठायच्या. टक्. बसायच्या. तास संपेपर्यंत त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

त्यांना शिकवलं होतं ते प्रतोदांनी. प्रतोद म्हणजे पक्षाची शिस्त राखणारे, सगळ्यांना वेळेवर आणि ओळीत ठेवणारे. त्यांचे बूट करकर वाजायचे, त्यामुळे ते येणार हे सगळ्यांना आधीच कळायचं आणि झोपलेले जागे व्हायचे. पहिल्याच दिवशी ते ताईंच्या कानाशी वाकले.

"उभं राहून फक्त 'कळवीन' म्हणायचं, ताई. 'करीन' म्हणावंसं वाटलं तर आधी खाली बसायचं."

ताईंनी ते पक्कं धरलं. उभं राहून कळवीन. मग खाली बसून, मागे वळून, त्या माणसाला दोन गोड शब्द. होईल हो. बघू आपण. माझ्याकडे लागलं. जुने सदस्य त्यावर हो हो म्हणायचे आणि विसरायचे. त्यांना रीत ठाऊक होती.

मास्तरांना ठाऊक नव्हती.

मास्तर ताईंच्याच पक्षाचे, पहिल्यांदाच निवडून आलेले, ताईंच्या मागच्या बाकावर बसायचे. आयुष्यभर डोंगरामागच्या एका गावात शाळा चालवलेली. कापडी बूट, तळ बदलून घेतलेले. त्यांच्या गावच्या दवाखान्यात डायलिसिसची एक खोली होती. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त तिथे यंत्रातून धुऊन मिळायचं. आठवड्यातून तीनदा, चुकवून चालत नाही. ती खोली बंद करायचं सरकारने ठरवलं होतं. दुसरी खोली डोंगरापलीकडच्या शहरात, जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस.

मास्तर उठले आणि त्यांनी हे नीट, वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. ताई उठल्या. टक्. सदस्यांची भावना मी आरोग्यमंत्र्यांना कळवीन. बसल्या. मग मागे वळून हळूच म्हणाल्या, "मास्तर, काळजी करू नका. खोली नाही बंद व्हायची."

 मास्तरांचे कापडी बूट एकमेकांना टेकले. मग ते ताईंच्या खांद्याशी वाकून एवढंच म्हणाले, "आमच्या हिचाही नंबर तिथेच असतो."

मित्रांनो, त्या दिवशी ताई खरंच आरोग्यमंत्र्यांकडे गेल्या. मंत्र्यांनी चहा दिला आणि नाही म्हटलं. ठरलंय ते ठरलंय. हे मला कळलं कारण दुसऱ्या दिवशी सभागृह रिकामं असताना ताई माझ्यावर बसून काकांना सांगत होत्या. उभ्या नव्हत्या, बसल्या होत्या. काकांनी विचारलं, मग मास्तरांना सांगणार ना? ताई म्हणाल्या, सांगते. पुढच्या आठवड्यात सांगते.

पुढच्या आठवड्यात मास्तर उठले. टक्. कळवीन. बसल्या, मागे वळल्या. मास्तरांचं तोंड बघितलं असणार. त्यांच्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली. "होईल हो मास्तर," त्या म्हणाल्या. "शब्द देते."

त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. आणि त्याच्या पुढच्या.

मास्तर तो शब्द घेऊन गावी गेले. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना गोळा करून सांगितलं की सरकारने शब्द दिला आहे. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? बिघडलं ते असं. डोंगरापलीकडच्या दवाखान्याने त्या गावच्या आजाऱ्यांसाठी नंबर राखून ठेवले होते. नको असतील तर लवकर कळवा, इथे बाकीचे लोक ताटकळले आहेत, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी सरळ मनाने विचार केला. आपल्याला लागणारच नाहीत तर दुसऱ्याच्या वाटचे का अडवा? त्यांनी सगळ्यांचे नंबर सोडून दिले. पहिला आपल्या बायकोचा.

आणि मग दवाखान्याच्या दारावर सूचना लागली. येत्या सोमवारपासून खोली बंद.

टक् न होता आलेले शब्द. मी तिथेच होतो. ताईंचे पाय तेव्हा माझ्यावर नव्हते, बाजूला गालिच्यावर होते, आणि मला तोंड नाही.

मोकळ्या तासाच्या आधी, हे काकांनी नंतर सांगितलं, मास्तर उपाहारगृहात एका जुन्या सदस्याला हे सांगत होते. तो आधी हसला. मग त्याने हसणं आवरलं आणि त्यांना रीत समजावली. मास्तर चहा तसाच ठेवून उठले आणि जड पावलांनी सभागृहात आले. त्यांचे बूट मला ओळखू येईनात. पाय उचलत नव्हते, फरपटत होते.

तास सुरू झाला. पोस्टाची वेळ. टक्. शाळेचं छप्पर. टक्. मग अध्यक्षांनी मास्तरांना पुकारलं.

मास्तर उठले. मग म्हणाले, "अध्यक्षमहोदय, माझा प्रश्न लहान आहे. ताई मला इतके आठवडे बसून जे सांगत आल्या, ते त्यांनी एकदा उभं राहून सांगावं."

कोणीतरी खोकलं. प्रतोदांचे बूट करकरत पुढच्या बाकाशी आले आणि थांबले. मास्तरांनी आवाज न चढवता पुढचं सांगितलं. सोडून दिलेले नंबर आता दुसऱ्यांना गेले आहेत, ते मागायचे कसे? सोमवारी बंद म्हणजे मंगळवारी आमच्या हिने कुठे जायचं? तिच्या शेजारच्या खाटेवरच्या पोरीने कुठे जायचं? हे त्यांनी विचारलं ते ताईंना, पण बघत होते म्हणे स्वतःच्या हातांकडे.

वजन आलं.

टक्.  ताई म्हणाल्या, "सदस्यांची भावना मी आरोग्यमंत्र्यांना कळवीन."

वजन गेलं.

या वेळी त्या मागे वळल्या नाहीत.

अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. बसवाल्या बाई, विरोधी बाकावरच्या. त्या उठल्या. "माझी बस इतके दिवस आली नाही," त्या म्हणाल्या, "अजून आठवडाभर नाही आली तरी आम्ही चालत जाऊ. आजचा माझा प्रश्न मास्तरांचाच."

ताई उठल्या. टक्. कळवीन. बसल्या.

बँडवाले उठले. त्यांचा सोहळा दोन दिवसांवर आला होता, आजच अभिनंदन झालं तर झालं. ते म्हणाले, बँड नंतर वाजेल, प्रश्न तोच. टक्. कळवीन. भिंतींना तडे गेलेले गृहस्थ उठले. प्रश्न तोच. टक्. अध्यक्ष म्हणाले, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता येत नाही. मग त्यांनी म्हणे छताकडे बघितलं आणि पुढचं नाव पुकारलं. प्रश्न तोच. टक्. दोन्हीकडचे लोक महिनोन्महिने राखलेली आपापली गाऱ्हाणी खिशात परत ठेवत होते. एकेकाने आपापली पाळी मास्तरांच्या ओंजळीत टाकली.

कुत्रेवाले तेवढे अडले. "मला क्षमा करा," ते म्हणाले, "पण आमच्याकडे काल पुन्हा तिघांना कुत्रं चावलंय. माझा प्रश्न कुत्र्यांचाच आहे."

सभागृह हसलं. ताईसुद्धा हसल्या असाव्यात, कारण त्यांच्या टाचा क्षणभर सैल झाल्या. टक्. त्यांनी कुत्र्यांबद्दल कळवीन म्हटलं. कुत्रेवाले खाली बसता बसता म्हणाले, "आणि दुसरा भाग मास्तरांचा."

तेव्हा ताई बसायला निघाल्या होत्या. एक पाय खाली गालिच्यावर, एक माझ्यावर. प्रतोद पुढे वाकून दातांतल्या दातांत म्हणत होते, बसा ताई, तास संपलाय, बसा. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेला होता.

खालचा पाय वर आला.

टक्.

"मी मास्तरांना शब्द दिला होता," ताई म्हणाल्या. तक्रारखिडकीवरचा तो मऊ आवाज कुठे गेला कोण जाणे. "बसून दिला होता. तो पाळता येणार नाही हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं, तरी देत राहिले. त्यांचं तोंड बघवत नव्हतं म्हणून. आता उभी राहून सांगते. ती खोली बंद होणार नाही."

लघुलेखकांची पेनं चालली होती. प्रतोदांचे बूट अजिबात वाजले नाहीत.

वजन गेलं.

मित्रांनो, गेलं ते गेलंच. त्याच दुपारी ताईंना पद सोडावं लागलं. त्यांनी चपला काढल्या, अनवाणी पायाने मला जरा बाकाकडे सरकवलं, कोणी अडखळू नये म्हणून, आणि गेल्या. सरकारला शब्द मागे घ्यायचा होता. पण त्यासाठी सभागृहात यावं लागलं असतं, मतं घ्यावी लागली असती, आणि मतं आपल्या बाजूने पडतील याची खात्री त्यांना राहिली नव्हती. म्हणून त्यांनी जाहीर केलं, खोली तूर्तास चालू राहील.

तूर्तास. मला या शब्दाची फार भीती वाटते. माझ्याच कोपऱ्यासारखा आहे तो, रबर नसलेला.

नवे नेते उंच आहेत. त्यांना मी नको होतो, म्हणून माझी या दारात नेमणूक झाली. ताई आता सगळ्यात मागच्या बाकावर बसतात. काकांनी मला तिकडे न्यायचं म्हटलं, तर उत्तर आलं की ठोकळा फक्त नेत्यासाठी मंजूर आहे. ताई उभ्या राहिल्या की पुढच्यांच्या डोक्यांमागे झाकल्या जातात. तरी त्या उभ्या राहतात. आठवड्याच्या आठवड्याला. अध्यक्ष एकदा म्हणाले म्हणे, मागच्या बाकावरून कोण बोलतंय?

आज सकाळी तळ बदललेले कापडी बूट माझ्यापाशी थांबले. काकांनी विचारलं, वहिनी कशा आहेत? मास्तर म्हणाले, आज तिचा दिवस आहे, आत्ता यंत्रावर असेल. खोलीतली दोन यंत्रं बंद पडलीत आणि दुरुस्तीला कोणी पाठवत नाही. बंद करणार नाही म्हणालेत, चालवू असं कोणी म्हणालेलं नाही. शेजारच्या खाटेवरची पोर आता रात्रीच्या पाळीला येते. मग मास्तर खाली वाकले. त्यांनी मला उलटं करून माझा तो बोडका कोपरा बोटाने चाचपला आणि पुन्हा होतं तसं ठेवलं.  आत त्यांना आज पुन्हा विचारायचं आहे.

आता तास सुरू आहे. दार उघडं आहे म्हणून मला आतलं ऐकू येतं. नवे नेते उठतात तेव्हा आवाज होत नाही. मऊ गालिच्यावर महागडे बूट. लघुलेखकांना उशिरा कळतं, पहिले शब्द निसटून जातात. आत्ताच मास्तरांनी विचारून झालं. नेते कळवीन म्हणाले आणि बसले. आणि हे बघा, ऐका, मागे वळून हळूच म्हणाले, "बघू आपण, मास्तर. होईल."

काकांचा हात दाराला लागलाय. दार सुटायला लागलं.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. लाकूड आहे, जळेन. फोडायच्या आधी माझा चौथा कोपरा तेवढा कोणीतरी काढून ठेवा, आणि जिथे मोठी माणसं शब्द देतात तिथे त्यांच्या पायाखाली सरकवा. त्याला रबर लावू नका. आणि तुम्हाला कोणी खुर्चीत रेलून, पाठीवर हात ठेवून, गोड आवाजात सांगितलं ना की होईल हो, काळजी करू नका, तर आनंदाने घरी पळू नका. आपले नंबर सोडू नका. तिथेच थांबा. आणि म्हणा, ताई, दादा, काका, जे कोणी असतील ते, तेच जरा उभं राहून सांगता का?

मग कान देऊन ऐका. टक् होतं का ते.